गळका सांधा: वेल्डिंग की सीलंट?

वेल्डिंगचे कौतुक कळंबकरांना बाहेरच्याने सांगायला नको. इंदापूर तालुक्यातल्या याच कळंब गावाच्या शिवारात 1930 च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी ऊस लावला, साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसवले. साखर कारखान्यांची यंत्रे बनवता बनवता इथला अभियांत्रिकी कारखाना अणुऊर्जा प्रकल्पांचे भाग आणि अग्निबाणांची कवचे बनवू लागला. 14 जुलै 2023 ला चंद्रयान-3 घेऊन झेपावलेल्या एलव्हीएम-3 अग्निबाणाच्या दोन बाजूंना जे एस-200 बूस्टर होते, त्यांच्या पोलादी कवचांचे खंड वालचंदनगरनेही बनवले होते. अशा कवचाच्या वेल्डमध्ये केसाएवढा दोषही चालत नाही.

साहजिकच या भागात एखाद्या स्कूल बसच्या छतातून किंवा टेम्पोच्या ॲल्युमिनियमच्या कंटेनरमधून पाणी ठिबकू लागले की सल्ला ठरलेला असतो: "आर्गन वेल्डिंग मारून टाका, कायमची कटकट जाईल." पोलादी ट्रॉलीच्या, उसाच्या गाडीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या बाबतीत हा सल्ला बरोबर आहे. पातळ ॲल्युमिनियमच्या, रिव्हेट मारून जोडलेल्या बॉडीला मात्र तो बहुतेक वेळा महागात पडतो. तिथे वेल्डिंगने एक गळती बंद होते आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारी दुसरी सुरू होते. असे का होते, हे कळले की कुठे वेल्डिंग करावे आणि कुठे सीलंट भरावे, याचा निर्णय गाडीमालकाला स्वतःच घेता येतो.

एसटीला ॲल्युमिनियम का लागले

महाराष्ट्रात ॲल्युमिनियमची बॉडी म्हटली की लाल एसटीच डोळ्यांपुढे येते. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, तेव्हा बसच्या बॉड्या लाकडी होत्या, बाके काथ्याची होती आणि रंग निळा-चंदेरी होता. नंतर मजबुतीसाठी पोलादी बॉड्या आल्या. पण पोलाद गंजते, आणि कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. म्हणून 1960 मध्ये एसटी महामंडळाने ॲल्युमिनियमच्या बॉड्या आणल्या, आणि रंगही निळ्याचा लाल झाला. पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत पुढची कित्येक दशके या बॉड्या बांधल्या गेल्या. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात अपघातातली सुरक्षितता लक्षात घेऊन महामंडळ पुन्हा पोलादी बॉडीकडे वळले.

योगायोग असा की एसटी सुरू झाली त्याच 1948 साली इंग्लंडात लँड रोव्हर ही जीपसारखी गाडी बाजारात आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती, म्हणून तिची बॉडीही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. पत्रे रिव्हेटने आणि नटबोल्टने जोडलेले, खाली पोलादी चौकट. तिचे मालक आजही दोन गोष्टी सांगतात: बॉडी गंजत नाही आणि पावसात गळते. एसटीच्या प्रवाशांना यात नवे काही वाटणार नाही. हवामान वेगळे, रस्ते वेगळे, कारागीर वेगळे, तरी दोष एकच, कारण तो बांधणीच्या जातीतच आहे.

हलणारा सांधा

बसची बॉडी म्हणजे एका पत्र्याच्या कडेवर दुसऱ्या पत्र्याची कड चढवून, दर काही सेंटीमीटरला रिव्हेट मारून केलेली जोडणी. रिव्हेट दोन पत्र्यांना धरून ठेवते, पण दोन रिव्हेटींच्या मधली फट बुजवत नाही. तेवढ्या बारीक फटीत पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे आपोआप शिरते, प्रसंगी वरच्या दिशेनेही. गाडी धावत असताना आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबातला फरक त्याला आणखी आत ओढतो. बांधणीच्या वेळी या फटीत भरलेले सीलंट शाबूत असेपर्यंत पाणी बाहेर राहते.

सीलंट निकामी होते ते मुख्यतः पत्र्याच्या हालचालीमुळे. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दहा मीटर लांबीची बॉडी धरा. वैशाखातल्या दुपारी तापलेले छत आणि पावसात भिजलेले छत यांच्या तापमानात 40 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाला दहा मीटर पोलाद पावणेपाच मिलिमीटर वाढते, तर ॲल्युमिनियम नऊ मिलिमीटरच्या वर. छत अखंड नसून तुकड्यातुकड्यांचे असते, त्यामुळे ही हालचाल सांध्यांमध्ये वाटली जाते. सव्वा मीटरच्या एका पत्र्याच्या वाट्याला पोलादी सांगाड्याच्या तुलनेत अर्धा मिलिमीटर जास्त सरकणे येते. यात खड्डे, इंजिनाची थरथर आणि वळणावर पिळणारी चौकट यांची भर पडते. सांधा दिवसभर थोडाथोडा हलत असतो, आणि त्याने हलावे अशीच त्याची रचना असते.

इंदापूर-बारामती पट्ट्यात आणखी एक गोष्ट घडते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश, वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटर, आणि त्यातला मोठा भाग सप्टेंबरच्या आसपास. म्हणजे गाडी आठ-नऊ महिने कोरडी राहते. या काळात ऊन आणि अतिनील किरण सीलंटला कडक करतात, मग त्याला भेगा पडतात. कोकणात सीलंट खराब झाले की जूनच्या पहिल्या आठवड्यात कळते. इथे ते चैत्रात फाटते आणि परतीच्या पावसात उघडकीला येते. दरम्यान धूळ त्या भेगेत जाऊन बसलेली असते.

वेल्डिंग का बिघडते

मग हा सांधा वेल्ड करून कायमचा का जोडू नये? पहिली अडचण धातूच्या स्वभावातली. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, पण त्याच्यावर जी ऑक्साइडची अदृश्य साय असते ती वितळायला 2,000 अंशांहून जास्त तापमान लागते. साय फोडल्याशिवाय दोन काठ एकजीव होत नाहीत, आणि ती फुटेपर्यंत खालचा धातू वितळून खाली पडू शकतो. एसी प्रवाहावर चालणारे टिग वेल्डिंग, म्हणजे गॅरेजातले आर्गन वेल्डिंग, प्रवाहाच्या एका अर्धचक्रात ही साय उडवते आणि आर्गन वायू नवी साय धरू देत नाही. पण बॉडीचा पत्रा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटरचा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने उष्णता पसरवते, म्हणून सुरुवातीला प्रवाह जास्त द्यावा लागतो. आणि पत्रा एकदा तापला की तोच प्रवाह त्याला भोक पाडतो. वितळण्यापूर्वी पोलाद लालभडक होऊन इशारा देते. ॲल्युमिनियमचा रंग बदलत नाही, ते एकदम ढासळते.

दुसरी अडचण स्वच्छतेची. वितळलेले ॲल्युमिनियम हायड्रोजन भरपूर शोषून घेते आणि थिजताना तो बाहेर टाकते. बाहेर न पडलेला वायू वेल्डमध्येच बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. हायड्रोजन येतो ओलाव्यातून, तेलातून, रंगातून, जुन्या सीलंटमधून. पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीच्या सांध्यात, दोन पत्र्यांच्या मधोमध, नेमके हेच सगळे साठलेले असते आणि तिथे ब्रश पोचत नाही. वरून टाका चकचकीत दिसतो, आतून मात्र तो जाळीदार असतो.

तिसरी अडचण ताकदीची. बॉडीचे पत्रे आणि एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले आकार) यांना कडकपणा मिळालेला असतो तो थंड अवस्थेत लाटल्यामुळे किंवा उष्णोपचारामुळे. वेल्डची उष्णता हे दोन्ही पुसून टाकते. 6061-टी6 सारख्या मिश्रधातूत वेल्डलगतच्या पट्ट्याची ताकद सुमारे निम्मी होते. पत्रा मऊ, सांधा ताठ, आणि हालचाल पूर्वीइतकीच. एका ओळीत विभागलेले सरकणे आता टाक्याच्या कडेला एकाच जागी एकवटते. काही महिन्यांत तिथे बारीक तडा जातो. पुढच्या पावसाळ्यात शेजारी सुरू होणारी दुसरी गळती हीच.

चौथी अडचण आणखी साधी: सांगाडा पोलादी असेल तर त्याला ॲल्युमिनियम नेहमीच्या पद्धतीने वेल्ड होतच नाही. दोन धातू वितळून एकत्र आले की मध्ये काचेसारखा ठिसूळ थर तयार होतो. शिवाय आजूबाजूला वायरिंग, फोम, प्लायवूडची फळी आणि खाली डिझेलची टाकी असते. सांध्यात जुने पॉलियुरेथेन सीलंट असेल तर ते जळताना आयसोसायनेटसह विषारी धूर सोडते, आणि तो श्वासाच्या रोगाला निमंत्रण देतो.

विमान आणि अग्निबाण काय करतात

सीलंट म्हणजे तात्पुरती मलमपट्टी, खरे काम वेल्डिंगचे, ही समजूत घट्ट आहे. तिचे उत्तर पुन्हा वालचंद हिराचंद यांच्याच कामात सापडते. डिसेंबर 1940 मध्ये त्यांनी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. तिथे 1941 मध्ये जोडून उडवलेले हार्लो पीसी-5 हे पहिले विमान ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. आजही प्रवासी विमानांच्या पंखांत इंधन साठवतात ते वेगळ्या टाकीत नव्हे, तर रिव्हेटने जोडलेल्या पंखाच्या पोकळीतच; आणि ते गळू नये म्हणून सांध्यांना पॉलिसल्फाइड सीलंट भरलेले असते. हजारो लिटर इंधन, उंचावरची कडाक्याची थंडी, वादळातले हेलकावे, आणि ते सगळे थोपवून धरतात रिव्हेट आणि सीलंट. पंख वाकतो, म्हणून त्याचा सांधाही वाकणारा हवा.

अग्निबाणातही हाच विचार आहे. एस-200 बूस्टरचा एकेक खंड वेल्ड करून बनतो, पण घन इंधन भरलेले तीन खंड एकमेकांना जोडताना तिथे वेल्डिंगची ज्योत नेता येत नाही. तिथे एका खंडाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसवून पिना मारतात आणि झिरप अडवायला रबरी ओ-रिंग घालतात. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचे चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटून सात अंतराळवीर गेले, त्याचे मूळ बूस्टरच्या अशाच सांध्यात होते. रात्रीच्या थंडीने रबराची लवचीकता गेली आणि हललेला सांधा त्याला वेळेत बुजवता आला नाही. सांध्याइतकी हालचाल सीलला जमली पाहिजे, हा नियम एवढ्या मोठ्या किमतीत जगापुढे आला. बसच्या छतालाही तोच लागू आहे.

वेल्ड केलेल्या ॲल्युमिनियमच्या गाड्या नसतात असे नाही. पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. अशा डब्यांसाठी जाड, पोकळ एक्स्ट्रूजन कारखान्यातच, स्वच्छ काठ ठेवून, यंत्राने लांबच लांब वेल्ड करतात आणि सगळा डबा एकसंध नळीसारखा वागेल असे गणित आधीच मांडतात. उलट जॅग्वारने 2003 मध्ये एक्सजे गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची केली, तेव्हा पातळ पत्र्यांसाठी रिव्हेट आणि चिकटद्रव्य यांची जोडी निवडली. पहिल्या दिवसापासून वेल्डसाठी आखलेली बॉडी वेल्ड झेलते. रिव्हेटसाठी आखलेल्या बॉडीला मध्येच वेल्ड केले तर तिचे गणित मोडते.

आधी गळती शोधा

पाणी ठिबकते तिथेच ते आत शिरलेले असते, असे क्वचितच होते. ते छताच्या आतल्या पट्टीवरून दोन-तीन मीटर धावून भलत्याच सीटवर पडते. म्हणून नळीने पाणी मारताना खालून सुरुवात करावी. आधी खिडकीच्या खालची पट्टी, मग खिडकीची वरची कड, मग छताचा वळसा, शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर थोडा वेळ थांबावे आणि आत एकाने टॉर्च घेऊन पाहावे. वरूनच पाण्याचा मारा केला तर सगळेच गळते आणि काहीच कळत नाही. दुसरी रीत: खिडक्या-दारांच्या फटींना टेप लावून आत ब्लोअरने हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायचे. बुडबुडे येतात तिथे वाट आहे. कॅरिअरचे पाय, मागच्या दिव्यांच्या वायरींची छिद्रे, मार्गफलकाची पेटी आणि छतावरचे झाकण हे नेहमीचे संशयित.

रिव्हेटींकडेही बारकाईने पाहावे. डोक्याभोवती काळपट ओघळ दिसला तर ती रिव्हेट ढिली होऊन पत्र्यावर घासते आहे. पांढरी भुकटी दिसली तर पोलादी स्क्रू आणि ओलावा यांच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजू लागले आहे. 2023 च्या जुलैत गडचिरोली जिल्ह्यात धावत्या एसटीच्या छताचा पत्रा एका बाजूने सुटून फडफडतानाची चित्रफीत राज्यभर फिरली. पत्रा एवढा सुटल्यावर कोणतेही सीलंट पुरत नाही. ढिली रिव्हेट आधी बदलावी लागते, जागा फाकली असेल तर एक माप जाड रिव्हेट घ्यावी लागते, आणि मगच सीलंटचा विचार करता येतो.

कोणते सीलंट, कसे भरायचे

बाजारात हाताला लागते ते पहिले म्हणजे व्हिनेगरच्या वासाचे सिलिकॉन. खिडकीच्या काचेला ते ठीक, बॉडीच्या सांध्याला नको. त्यातले आम्ल धातूला त्रास देते, त्यावर रंग बसत नाही, आणि एकदा लागले की त्याचा तेलकट अंश पुढच्या कोणत्याही सीलंटला चिकटू देत नाही. इपॉक्सीची लांबी कडक होऊन तडकते. डांबर उन्हाळ्यात ओघळते. पॉलियुरेथेन चिवट असते, घट्ट चिकटते, रंग घेते, पण उघड्यावर उन्हाने खराब होते, म्हणून त्यावर रंग हवाच. एमएस पॉलिमर ऊन चांगले सोसते, रंगही घेते आणि त्यात आयसोसायनेट नसते. पत्रा उकलून पुन्हा बसवायचा असेल तर मध्ये ब्युटाइलची टेप घालावी. ती कधीच पूर्ण वाळत नाही, हाच तिचा गुण.

निवडीइतकेच मोजमाप महत्त्वाचे. चांगले सीलंट आपल्या रुंदीच्या साधारण 25 टक्के ताण-दाब सोसते. सांधा अर्धा मिलिमीटर हलत असेल आणि सीलंटची रेघ एक मिलिमीटरची असेल, तर ताण 50 टक्के झाला, ती फाटणारच. रेघ चार मिलिमीटरची असेल तर तोच ताण साडेबारा टक्क्यांवर येतो. बोटाने फासलेला पातळ थर टिकत नाही याचे कारण हे आहे. रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबावी, म्हणजे सीलंट फक्त दोन काठांना धरते, तळाला चिकटून अडकत नाही, आणि त्याची खोली रुंदीच्या निम्मी राहते.

तयारीत कंटाळा केला तर महागडे सीलंटही वाया जाते. जुने सगळे खरवडून काढावे. पत्र्यावर पत्रा आहे तिथे प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. मग ॲसिटोनने पुसावे, बारीक घासकाम करावे, पुन्हा पुसावे, आणि कंपनीने सांगितला असेल तो प्रायमर लावावा. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून गनने सलग रेघ ओढावी, दाबून गुळगुळीत करावी आणि साय धरायच्या आत टेप काढावी. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर हे काम करू नये. सकाळी करावे, तेव्हा फटही मध्यम अवस्थेत असते. पॉलियुरेथेन आणि एमएस पॉलिमर हवेतल्या ओलाव्याने वाळतात, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याहून हळू. तेव्हा गाडी लगेच फेरीला काढू नये.

आणि एक खबरदारी: खालच्या कडेची पाणी निघायची छिद्रे बुजवू नयेत. वरचे सांधे बाहेरून बंद करावेत, खालचा निचरा मोकळा ठेवावा. दोन्ही बुजवले तर आत साचलेले पाणी बॉडीला आतून खाते.

वेल्डिंगची खरी जागा

वेल्डिंग लागते ते सांधा गळतो म्हणून नव्हे, धातू तुटला म्हणून. चार-पाच मिलिमीटर जाडीच्या चॅनेलला तडा गेला, टिपरच्या ॲल्युमिनियमच्या हौद्याचा कोपरा फाटला, ॲल्युमिनियमच्या टाकीला चीर पडली, तर तिथे सीलंट लावणे म्हणजे धोका झाकणे. तुकडा शक्यतो गाडीवरून उतरवून, दोन्ही बाजूंनी उघडा धातू दिसेपर्यंत घासून, केवळ ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने साफ करून, योग्य फिलर रॉडने कसलेल्या कारागिराकडून वेल्ड करून घ्यावा. गाडीवरच काम करायची वेळ आली तर बॅटरीची जोडणी आधी काढावी. पातळ पत्र्यातल्या चिरेला तिसरा उपाय असतो. चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले की ती पुढे धावत नाही. मग त्याच धातूचा तुकडा, मध्ये सीलंट आणि कडेने रिव्हेट. विमानांची पत्रादुरुस्ती मोठ्या प्रमाणावर अशीच होते.

सीलंट काही वर्षांनी पुन्हा भरावे लागते, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. पण फसलेले सीलंट पट्टीने खरवडून अर्ध्या दिवसात नव्याने भरता येते. फसलेल्या वेल्डने मऊ झालेला, वाकलेला पत्रा पूर्ववत होत नाही, तो बदलावाच लागतो. दोन उपायांबद्दल खात्री नसेल तेव्हा ज्याची चूक मागे घेता येते तो आधी करून पाहावा, आणि तोही मृगाची वाट न पाहता, उन्हाळ्यातच.